रोव्हर फिक्सच होईना, सिग्नलला कुणी डिस्टर्ब करायलंय का? मोजणीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी अंबाजोगाईकडचा, खाजगी सर्व्हेचं काम करतो, बीड लातूर परभणी ह्या पट्ट्यात शेताच्या हद्दी, रस्ते, प्लॉटिंग, पाइपलाइन असं सगळं. नवीन पोरं रोव्हर, म्हणजे पोलवर लावून फिरवायचं जीपीएस मोजणीचं यंत्र, घेतात आणि दोन महिन्यांत फोन येतो, दादा इथं फिक्सच होईना, म्हणजे सेंटिमीटरपर्यंतची पक्की जागा मिळेना, टॉवरमुळे असेल का. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदा बसून सगळं लिहिलं. जसं सुचलं तसं लिहिलंय, काही उत्तरं लांबलीत.

इंटरफेरन्स म्हणजे नेमकं काय हो?

जीपीएसचा सॅटेलाइट आपल्यापासून साधारण २०,२०० किलोमीटर वर असतो. तिथून निघालेला सिग्नल तुमच्या अँटेनापर्यंत येईतो उणे १२८ डीबीएमच्या आसपास राहतो. आकडा लक्षात नाही राहिला तरी चालेल, पण एवढं डोक्यात ठेवा की हा सिग्नल रिसीव्हरच्या स्वतःच्या आतल्या खरखरीपेक्षाही खाली असतो. माळेगावच्या जत्रेत सगळीकडं भोंगे वाजत असताना लांबून कुणी हळू आवाजात तुमचं नाव घेतलं तर कसं होईल, तसं समजा. तरी रिसीव्हर ते ऐकतो, कारण प्रत्येक सॅटेलाइटचा कोड त्याला आधीच पाठ असतो आणि तो त्या खरखरीतून बरोबर तेवढाच कोड जुळवून काढतो. पण कुणी भोंगाच कानाला लावला तर कोड पाठ असून उपयोग नाही. त्याच फ्रिक्वेन्सीवर किंवा अगदी शेजारी दुसरी कुठलीतरी रेडिओ ऊर्जा येऊन सॅटेलाइटचा आवाज दाबते, त्याला इंटरफेरन्स म्हणायचं. मुद्दाम केलं तर जॅमिंग, खोटे सॅटेलाइट ऐकवले तर स्पूफिंग.

झाडाची सावली, पत्र्यावरून परतून आलेला सिग्नल, आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर), करेक्शन (ओळखीच्या जागी लावलेल्या बेस यंत्राकडून रोव्हरला येणारी दुरुस्ती) न येणं, हे सगळं वेगळं आहे. लोक सरसकट सगळ्यालाच इंटरफेरन्स म्हणतात आणि मग उपाय पण चुकीचा करत बसतात.

कोणत्या फ्रिक्वेन्सीला जपायचं?

जीपीएसचा एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ, एल२ म्हणजे १२२७.६०, एल५ म्हणजे ११७६.४५. युरोपच्या गॅलिलिओचा ई१ आणि चीनच्या बायडूचा नवीन बी१सी दोन्ही त्याच १५७५.४२ वर आहेत, बायडूचा जुना बी१ जरा खाली १५६१ वर, रशियाच्या ग्लोनासचा एल१ १६०२ च्या आजूबाजूला. आपल्या भारताचा नाविक ११७६.४५ वर आणि एस बँडला २४९२ वर चालतो, मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ सॅटेलाइटपासून त्यात एल१ पण आलाय. हे आकडे कंट्रोलरच्या (रोव्हरच्या हातातल्या स्क्रीनच्या) मागं चिकटवून ठेवा, पुढं निदान करताना हेच कामाला येतात.

मोबाईल टॉवरमुळे होतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असंच आहे. टॉवर ७००, ८००, ९००, १८००, २१००, २३००, ३३०० असल्या बँडवर चालतात, जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीवर नाही, आणि त्यांच्या यंत्रात फिल्टर असतात. गणितानं एक शक्यता राहते, ७८७.७१ ची दुप्पट बरोबर १५७५.४२ होते, आणि ५२५.१४ ची तिप्पट पण तेवढीच होते, म्हणून त्या भागातलं एखादं यंत्र बिघडून आपली दुप्पट तिप्पट फ्रिक्वेन्सी बाहेर टाकायला लागलं तर त्रास होऊ शकतो. पण धडधाकट टॉवर मैलभर लांब असताना तुमचं फिक्स घालवत नाही. अगदी बुडाशी उभं राहिलात तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे एवढ्या जवळच्या पॉवरनं अँटेनातला ॲम्प्लिफायर दबू शकतो, आणि दुसरी, जी खरी जास्त घडते, ती म्हणजे लोखंडी सांगाड्यावरून सिग्नल आपटून येतो. शक्यतो बेस टॉवरजवळ लावूच नका, पन्नास शंभर मीटर बाजूला घ्या.

हायटेन्शन लाइनखाली मोजलं तर रीडिंग बिघडतं का?

परळीच्या थर्मलमुळं आपल्याकडं मोठ्या लाइनी भरपूर, त्यामुळे हे सारखं येतं. लाइनीत करंट ५० हर्ट्झचा, आपला सिग्नल १५७५ मेगाहर्ट्झचा, ह्या दोघांची भेटच होत नाही. पावसाळी हवेत लाइन चरचरते त्याचा आवाज जुन्या मिडियम वेव्ह रेडिओत यायचा, पण फ्रिक्वेन्सी वाढत गेली की तो झपाट्यानं कमी होतो आणि आपल्या बँडपर्यंत जवळजवळ काही उरत नाही. फुटलेल्या इन्सुलेटरवर ठिणगी उडत असेल तर बेसकडून रोव्हरला करेक्शन पाठवणाऱ्या यूएचएफ रेडिओला मात्र त्रास होऊ शकतो. आणि मनोऱ्याच्या अगदी शेजारी लोखंडामुळं आकाश झाकलं जातं.

पण इथं मला दुसरंच सांगायचंय आणि ते नीट वाचा. रोव्हरचा पोल कार्बन फायबरचा असतो आणि कार्बन फायबरमधून करंट जातो. उन्हाळ्यात शेतातल्या ११ केव्ही आणि ३३ केव्हीच्या तारा इतक्या खाली लोंबतात की दोन मीटरचा पोल खांद्यावर उभा धरून चाललात तर तारेच्या फार जवळ जातो. तारेखाली पोल आडवा करून हातात खाली धरून जा. तारेखालचा पॉइंट पाहिजेच असेल तर बाजूला दोन पॉइंट घेऊन टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजायच्या यंत्रानं) काढा किंवा ऑफसेट, म्हणजे बाजूच्या पॉइंटपासूनचं अंतर, टाका. रीडिंग नंतर घेता येतं.

फ्लोटच, म्हणजे कच्ची जागाच दाखवतंय, मग हे झाड आहे, करेक्शन आहे का खरंच इंटरफेरन्स, कसं ओळखायचं?

ह्याच्यासाठीच एवढं लिहायला बसलो. पहिलं काम, कंट्रोलरवर सॅटेलाइटची यादी उघडा, नुसता फिक्स-फ्लोटचा रंग बघत बसू नका. प्रत्येक सॅटेलाइटसमोर सिग्नलची ताकद असते, कुठं एसएनआर लिहिलेलं असतं कुठं सी बाय एन झिरो, एकक डीबी-हर्ट्झ. मोकळ्या रानात डोक्यावरच्या सॅटेलाइटला ४५ च्या पुढं दिसतं, खाली क्षितिजाकडच्याला ३५ ते ४० असं. तुमच्या मशीनचं मोकळ्या माळावरचं चित्र एकदा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण प्रत्येक अँटेनाचे आकडे थोडे वेगळे असतात आणि तुलना स्वतःच्याच मशीनशी करायची असते.

आता चिंचेखाली उभं राहिलात तर चिंचेच्या बाजूचेच सॅटेलाइट पडतात, दुसऱ्या बाजूचे तसेच राहतात. पत्र्याच्या शेडजवळ, जिनिंगजवळ उभं राहिलात तर एक दोन सॅटेलाइटचे आकडे वरखाली वरखाली हलत राहतात, तो मल्टिपाथ, म्हणजे पत्र्यावरून आपटून आलेला सिग्नल. आणि इंटरफेरन्स असला की एका बँडचे सगळेच्या सगळे सॅटेलाइट एकदम पडतात, डोक्यावरचा पण आणि क्षितिजाचा पण, सगळे आठ दहा डीबीनं खाली, जणू कुणी व्हॉल्यूमच कमी केला. आणखी पुढं बघा, जीपीएसचा एल१ पडला, गॅलिलिओचा ई१ पडला पण ग्लोनास जसाच्या तसा आहे आणि जीपीएसचा एल२ पण व्यवस्थित आहे, तर त्रास देणारी वस्तू १५७५ च्या आसपास अरुंद पट्ट्यात बोलतेय. सगळेच बँड पडलेत तर एकतर जवळच काहीतरी मोठं आहे नाहीतर तुमची स्वतःची अँटेना, केबल गेलीय.

सॅटेलाइट सगळे ठणठणीत आहेत, ४५-४८ दाखवतायत, आणि तरी फ्लोट आहे? मग करेक्शनचं वय बघा. एक दोन सेकंद असायला पाहिजे. दहा, वीस, तीस असं वाढत चाललं असेल तर तुमचा प्रॉब्लेम आकाशात नाहीच, तो सिमकार्डात किंवा रेडिओ लिंकमध्ये आहे. निम्म्याहून जास्त फोन ह्याच एका गोष्टीवर मिटतात.

शेवटची चाचणी पायांची. पन्नास पावलं चाला, आकडे बघा, परत पन्नास पावलं. इंटरफेरन्सचा उगम जवळ असेल तर लांब जाताना आकडे हळूहळू वर येतात आणि कुठल्या दिशेला गेल्यावर जास्त पडतात त्यावरून उगम पण सापडतो. काही रिसीव्हरमध्ये स्पेक्ट्रमचा आलेख पण दिसतो, त्यात उंच टोक आलं तर ताबडतोब कळतं, पण तो नसला तरी आकडे आणि पाय एवढ्यावर भागतं.

असं खरंच कुणाला सापडलंय का, का नुसती थिअरी?

मला सापडलंय. केज तालुक्यात एका गावठाणाच्या कडेला हद्दीचं काम होतं, सकाळी एल१ चे सगळे सॅटेलाइट ३० ते ३२ वर, वरती एकही झाड नाही. मशीन बदललं तरी तेच. गल्लीगल्लीनं चालत गेलो तर एका माडीच्या घराजवळ सगळ्यात वाईट. छतावर जुना टीव्हीचा अँटेना होता, त्याला बूस्टर, घरात डिश लागून किती वर्षं झाली पण बूस्टरची पिन सॉकेटमध्ये तशीच. मालक म्हणाले, काका राहू द्या त्याला काय होतंय, मी म्हणलं दोनच मिनिटं काढून बघू. पिन काढली आणि ३१ चे ४४ झाले. त्यांना मी स्क्रीन दाखवली, मग त्यांनी स्वतःच तो बूस्टर उतरवून टाकला.

मला तेव्हा नवल वाटलं होतं, पण नंतर कळलं की २००१ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग नावाच्या बंदरावर हेच झालं होतं, सगळ्या बंदरात जीपीएस चालेना आणि शोधता शोधता बोटींवरचे टीव्ही अँटेनाचे बूस्टर सापडले. बूस्टर म्हणजे ॲम्प्लिफायर, तो बिघडला की स्वतःच शिट्टी मारायला लागतो, माईक स्पीकरसमोर धरल्यावर मंडपात जसं किंचाळतं तसंच, फक्त रेडिओत. रेंज येत नाही म्हणून लोक घरावर जे विनापरवाना मोबाईल बूस्टर बसवतात त्यांचं पण तसंच, आणि ते बसवणं बेकायदेशीर पण आहे.

रेडिओवर काम करताना रोव्हर मधेच दुसरीकडंच उडी मारतो, हे काय?

सर, हे फार घातक आहे. एकाच रोडच्या कामावर दोन पार्ट्या असतात, दोघांनी बेस लावला, दोघांचा यूएचएफ चॅनल दुकानातून आला तसाच पहिला. आता रोव्हरला दोन्ही बेसचे पॅकेट मिळतायत. कधी ते एकमेकांवर आदळून करेक्शनच येत नाही, वय वाढत जातं, ते तरी बरं, कळतं तरी. पण कधी तुम्ही दुसऱ्याच्या बेसच्या जास्त जवळ गेलात की रोव्हर निवांत त्याचं करेक्शन घेतो आणि फिक्स दाखवतो. त्यानं बेस बिनाकंट्रोल पॉइंटचा (म्हणजे आधी पक्क्या मोजलेल्या जागेवर न लावता), नुसता ऑटो घेऊन लावला असेल तर तुमचं सगळं रीडिंग एक दोन मीटर सरकलेलं आणि स्क्रीनवर मात्र एक सेंटिमीटर अचूकता. माझ्यावर ही वेळ एका रस्त्याच्या कामावर आली, अर्धा दिवसाचं काम परत करावं लागलं, कंट्रोल पॉइंटवर परत चेक केलं नसतं तर कळलंच नसतं.

उपाय सोपा आहे. बेसला स्वतःचा आयडी द्या आणि रोव्हरला सांगा की फक्त हाच आयडी घे. चॅनल बदला, साइटवर गेल्या गेल्या दुसरी पार्टी कुठं आहे ते विचारून घ्या, कामाच्या सुरुवातीला, जेवणानंतर आणि शेवटी ओळखीच्या पॉइंटवर रोव्हर टेकवा. आणि ३५ वॅटचा बाहेरचा रेडिओ वापरत असाल तर त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी ह्या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेचा परवाना लागतो, ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत.

आपल्याच सामानामुळं इंटरफेरन्स होतो का?

होतो की, आणि पुष्कळ होतो. रेडिओची काठी बेसच्या अँटेनाला खेटून उभी केलेली मी कितीदा बघितलीय, ती निदान दहा मीटर लांब पाहिजे. स्वस्तातली पॉवर बँक, गाडीतला इन्व्हर्टर, यूएसबी ३ ची केबल, डॅशकॅम, हे सगळे खरखर करतात आणि अँटेनाच्या खाली टेपनं बांधले की थेट आत जातात. ड्रोनवर तर हे जास्तच, छोट्याशा जागेत कॅमेरा, मोटार, व्हिडिओचा ट्रान्समीटर सगळं एकत्र, म्हणून तिथं जीपीएसची अँटेना काठीवर उंच लावलेली असते. संशय आला तर एकेक वस्तू बंद करत जा आणि दरवेळी आकडे बघा.

संध्याकाळी फिक्स जातं, सकाळी व्यवस्थित, कुणी संध्याकाळी काही चालू करतं का?

कुणी नाही, तो सूर्य आहे. आपण १७ ते २० अंश अक्षांशावर, विषुववृत्ताच्या तसं जवळ, आणि इथं सूर्य मावळल्यावर आयनोस्फिअरमध्ये बुडबुड्यांसारखी उलथापालथ होते, त्यातून येताना सिग्नल तारा लुकलुकतो तसा लुकलुकतो. साधारण सात साडेसात ते मध्यरात्र, आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबर ह्या महिन्यांत जास्त. सूर्याचा अकरा वर्षांचा फेरा वर असला की आणखी जास्त, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासानं सांगितलं की आपण कमाल काळात पोचलोय. मे २०२४ च्या १०-११ तारखेला मोठं सौर वादळ झालं तेव्हा अमेरिकेत पेरणीचे आरटीकेवाले, म्हणजे अशाच करेक्शनवर चालणारे ट्रॅक्टर थांबले होते. उन्हाच्या तडाख्यामुळं आपल्याकडची पोरं एप्रिलमध्ये काम संध्याकाळवर ढकलतात, मी समजू शकतो, पण अचूक पॉइंट पहाटे सहा ते दहा मध्ये घ्या, अंधार पडल्यावरचा फिक्स हद्दीच्या कामाला धरू नका.

गाडीतले जॅमर, जेलचे जॅमर, ह्यांचं काय?

चार्जरच्या भोकात बसणारे छोटे जॅमर मिळतात, मालकाला गाडी कुठं फिरतीय हे कळू नये म्हणून काही ड्रायव्हर लावतात. तो फक्त स्वतःची गाडी लपवत नाही, आजूबाजूचं शेकडो मीटरपर्यंतचं सगळं बंद पाडू शकतो. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाजवळ एका पिकअप ट्रकमधल्या असल्याच जॅमरनं विमानतळाच्या लँडिंग यंत्रणेला त्रास दिला होता आणि २०१३ मध्ये त्या ड्रायव्हरला जवळपास ३२,००० डॉलरच्या दंडाची नोटीस काढली गेली. हायवेला लागून काम करताना सगळे सॅटेलाइट दहा पंधरा सेकंद पडले आणि परत आले तर असंच काहीतरी गेलं असं समजा, थांबा, परत फिक्स होऊ द्या, तो पॉइंट दुसऱ्यांदा घ्या.

जेल, परीक्षा केंद्रं, व्हीआयपी ताफा इथं परवानगीनं जॅमर असतात, ते बहुतेक मोबाईलसाठी असतात पण तुमचं एनट्रिप (नेटवरून करेक्शन घ्यायची सोय) मोबाईल इंटरनेटवर चालत असल्यानं करेक्शन जातं. खाजगी माणसानं जॅमर बाळगणं भारतात बेकायदेशीरच आहे, दूरसंचार विभागानं जानेवारी २०२२ मध्ये हे परत स्पष्ट केलंय, त्यात जीपीएस ब्लॉकरचं नाव घेऊन.

वॉट्सअपवर येतं की शत्रूदेश जीपीएस बिघडवायलेत?

सरहद्दीकडं हे खरंच घडतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला विमानांच्या जीपीएसला अडथळा येण्याच्या ४६५ घटना झाल्याचं सरकारनं संसदेत सांगितलंय. पण ते मराठवाड्यापासून हजार किलोमीटरच्या पुढं आहे. औसा नाहीतर सेलूला फ्लोट आलं तर आधी केबल बघा.

विमानतळाजवळ फक्त एल५ खराब येतो, असं का?

विमानांना अंतर सांगणारं डीएमई नावाचं यंत्र ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झमध्ये बोलतं आणि एल५ त्याच पट्ट्यात येतो. चिकलठाणा, नांदेडच्या बाजूला काम असेल आणि एल५ कमी दिसला तर घाबरू नका, एल१ एल२ वर काम होतं. ड्रोन मात्र तिथं परवानगीशिवाय उडवायचं नाही, ते वेगळं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सवर काम केलं तर इंटरफेरन्स जातो का?

नाही. कॉर्स म्हणजे कायम चालू असलेल्या बेसांचं जाळं, त्यामुळं तुमचा बेस वाचतो, यूएचएफची भानगड मिटते, पण रोव्हरची अँटेना तर तुमच्या हातातच आहे, तिच्याशेजारी बूस्टर असेल तर कॉर्स काय करणार. तसंच पोस्ट प्रोसेसिंगचं, खराब डेटा घरी नेऊन चांगला होत नाही. महागड्या मशीनमध्ये फिल्टर चांगले असतात हे खरं, जास्त बँड असले की एक गेला तरी दुसऱ्यावर चालतं हे पण खरं, पण त्यातही आकडे तुम्हालाच बघावे लागतात.

आमच्या शेताची मोजणी रोव्हरनं झाली, त्यात असं काही झालं असेल का?

हा प्रश्न शेतकरी विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे, कारण बांधावरून भावाभावात वर्षानुवर्षं तारखा चालतात आणि अर्ध्या मीटरवरून माणसं एकमेकांच्या दारात जायचं सोडतात. मोजणीवाल्याला विचारा की कोणत्या कंट्रोल पॉइंटवर चेक केलं, आणि कोपऱ्याचे पॉइंट दोनदा घेतले का. दोन वेळात तासा-दोन तासाचं अंतर असलं की सॅटेलाइट हललेले असतात, तरी दोन तीन सेंटिमीटरमध्ये जुळलं तर मशीनचं रीडिंग पक्कं. जुळलं नाही तर खुंटी ठोकू देऊ नका. टिपण आणि जुन्या हद्दीच्या दगडांशी मेळ बसतो का हा त्याच्या पुढचा प्रश्न, तो रेडिओचा नाही. मी स्वतः संशयाचा फिक्स असला तर सरळ सांगतो, मामा आज नाही होत, उद्या सकाळी येतो.

इंटरफेरन्स सापडला पण उगम सापडेना, तक्रार कुठं करायची?

दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडं. तारीख, वेळ, गावाचं नाव, कोऑर्डिनेट, कोणता बँड पडला, किती डीबी पडला आणि स्क्रीनशॉट एवढं द्या. नुसतं जीपीएस चालत नाही म्हणून कळवलं तर ते बिचारे कुठं शोधणार.

पावसात सिग्नल कमी होतो का?

पावसानं नाही, ह्या फ्रिक्वेन्सीला पाऊस जवळपास कळतच नाही. ओल्या पानांनी होतो, भिजलेल्या उसाच्या फडाच्या कडेला आणि लिंबाखाली फरक जाणवतो. आणि केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर सगळे बँड एकदम पडतात, अगदी जॅमर लागल्यासारखे, म्हणून पावसाळ्याच्या आधी कनेक्टर उघडून पुसा आणि रबर टेप गुंडाळा.